धाकटीने लावलेला क्रम

१

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी धाकटीचं शिलाई मशीन थांबलं, आणि ते भलत्याच जागी थांबलं.

वेळ अशी मिनिटासकट सांगता येते, कारण ती वहीत लिहून ठेवलेली आहे. त्या दिवसांत मशीन थांबलं की धाकटी वेळ लिहायची, कामच तसं होतं. समोर टीव्हीवर तिच्या दादाने लिहिलेल्या हेरांच्या मालिकेतला एक जुना भाग चालला होता. सुईखाली पडद्याची दुमड होती. सतरंजीवर दहा महिन्यांची गोटी एका रिकाम्या रिळाशी मारामारी करत होती. नवरा आठलाच बस डेपोत गेला होता. सगळं जिथल्या तिथे होतं.

भागातला हेर एका परक्या घरात शिरला. टेबलाचा खण उघडून त्याने पाकीट काढलं, ते कोरं निघालं, तसंच परत ठेवून तो बाहेर पडला. बस, एवढंच. ना गोळी, ना किंकाळी, ना कुणी मागून आलं. हा भाग धाकटीने चौदा वर्षांपूर्वी दादाच्या तोंडून ऐकला होता आणि तेव्हा या प्रसंगाला तिचे पाय जराही अडले नव्हते. आज मात्र ते आपोआप थांबले.

तिने भाग मागे नेला आणि पुन्हा पाहिला. काहीच सापडलं नाही. तिसऱ्या खेपेला तिने डोळे मिटून नुसतं ऐकलं. त्या परक्या घराच्या आतल्या खोलीतून, बंद दाराआडून, अगदी बारीक आवाज येत होता. शिलाई मशीनचा.

धाकटीला आधी हसू आलं, आणि मग डोळे भरून आले.

२

का भरून आले ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, बारा वर्षांनी मोठा. फौजदाराची ती गाजलेली मालिका त्याची, आणि हेरांचीही त्याचीच. आई अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटी सातवीत होती. निकाल लागला, ती पास झाली आणि त्याच आठवड्यात आईच्या मशीनवर बसली. दादा त्याच खोलीत, पलंगाच्या कडेला, मांडीवर फळी घेऊन लिहायचा. लिहिलेलं कुणाला तरी वाचून दाखवावं लागतं, आणि घरात दुसरं होतं कोण? म्हणून तो तिला वाचून दाखवायचा. ती ऐकायची आणि शिवायची.

थोड्याच दिवसांत दादाच्या एक गोष्ट लक्षात आली. काही जागी मशीन थांबतं. धाकटीला विचारलं तर ती म्हणायची, सगळंच छान आहे रे. पण पाय असे भिडेला पडत नाहीत. तेव्हापासून दादाने कायदाच केला. मशीन थांबलं तर प्रसंग राहिला, मशीन चालू राहिलं तर प्रसंग कापला. मग त्यात कितीही मोटारी उडोत. कथा जोडायला लागणारा एखादा प्रसंग तेवढा सुटायचा. दिग्दर्शक त्याची टर उडवायचे, "लेखक महाशय, मशीनला विचारून आलात का?" दादा सांगायचा, आलो, आणि तुमचा शेवट मशीनने नापास केलाय.

या गोष्टीचा धाकटीला किती अभिमान होता म्हणून सांगावं. लोक भिंतीवर प्रमाणपत्रं लावतात, तिच्या भिंतीला मशीन टेकलेलं होतं.

पण गेली चार वर्षं दादाला कुणी बोलावलं नव्हतं. नवी पोरं आली, नव्या मालिका आल्या. दादाचा फोन वाजायचा तो चुकीच्या नंबराचा. आणि अचानक चॅनेलने ठरवलं की त्याचे सगळ्यात चांगले बारा भाग बारा रविवारी दुपारी दाखवायचे, बाराव्या नंबरापासून पहिल्यापर्यंत, आणि शेवटी त्याचा सत्कार. क्रम तुम्हीच लावा, असं ते दादाला म्हणाले. दादाने तीस भाग काढून दिले आणि सांगितलं, बापाला विचारू नये कुठलं पोर चांगलं, माझ्या बहिणीला विचारा.

चॅनेलवाल्या मॅडमनी फोन केला. बोलणं गोड, पण मधेच हळूच विचारलं, तुमचं शिक्षण काय?

"सातवी पास," धाकटी म्हणाली. "आणि अठरा वर्षांचा अनुभव."

पेनड्राइव्ह दुसऱ्या दिवशी घरी आला.

३

तर मशीनचा तो आवाज. धाकटीला वाटलं, दादाने तिला न सांगता तिची आठवण भागात घालून ठेवली. नाव नाही, गाव नाही, नुसता आतल्या खोलीतला आवाज. लाखो लोकांनी ऐकला आणि एकालाही कळला नाही. चौदा वर्षं ती स्वतःच त्याच्यावरून पुढे गेली होती.

मग ती आवाज शोधायलाच बसली. फौजदाराच्या एका भागात सापडला, चौकशी चालू असताना. हेरांच्या आणखी दोन भागांत सापडला. दर वेळी घर वेगळं, माणसं वेगळी, पण मागे एक बंद दार, आणि दाराआड टकटकटकटक. खालच्या मजल्यावरच्या काकू शर्टाला बटण लावून घ्यायला आल्या, तर त्यांना हातचं काम सोडून तिने ऐकवलं. काकू म्हणाल्या, मला बाई काहीच ऐकू येत नाही. पण त्यांचं ऐकणं तसं कमीच होतं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला बसवून ऐकवलं. त्याला ऐकू आलं. तो मेकॅनिक, त्याचा कान यंत्रावर तयार झालेला. तो कौतुकाने हसला, आणि हसता हसता थांबला.

"खट," तो म्हणाला.

"काय?"

"टकटकटकटक, खट. ऐक."

धाकटीने ऐकलं. दर फेऱ्याला एक खट. हा खट तिच्या अंगात मुरलेला होता, म्हणून वेगळा जाणवला नव्हता. गेल्या वर्षी, गोटी पोटात असताना, मशीनचा चामडी पट्टा तुटला होता. नवा मिळेना, तेव्हा नवऱ्याने डेपोतून तारेचा तुकडा आणून सांधा जोडून दिला. तेव्हापासून सांधा चाकावरून गेला की खट वाजायचं. त्याआधी आईच्या मशीनला असा आवाज कधीच नव्हता.

आणि टीव्हीवरचा भाग होता चौदा वर्षांपूर्वीचा.

नवऱ्याने टीव्ही बंद केला. मग तो म्हणाला की जगातल्या अर्ध्या जुन्या मशिनांचे पट्टे तारेने जोडलेले असतात, त्यात काय एवढं. धाकटीला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तिच्या मनात पाल चुकचुकत राहिली.

४

पण काम काम असतं. आठ दिवसांत तिने तीसच्या तीस भाग मशीनसमोर बसून तपासले. कितीदा थांबलं, किती वेळ थांबलं, सगळं वहीत. आणि बारा भागांचा क्रम लागला.

तो क्रम तिने कसा लावला हे ऐकण्यासारखं आहे. ज्या भागावर लोक जीव टाकायचे, ज्यात फौजदार पुलावरून उडी मारतो, तो तिने बाराव्या नंबरावर ठेवला. उडी चांगली आहे, पण उडीआधी त्याने बूट काढून जोडीने ठेवले ते जास्त चांगलं, आणि दिग्दर्शकाने ते दोनच सेकंद दाखवलं. "मुक्याचा फोन" दहावा, कारण अपराधी कोण हे गोटीलाही कळेल, तरी मुक्याची बायको जेवायला वाढते तो प्रसंग सोडवत नाही. "कोरं पाकीट" सातवा. "दोन चाव्या" तिसरा. त्यात हेराला कळतं की आपल्या घराची दुसरी चावी आपल्याच आईने दिली आहे, आणि तो आईला काहीच विचारत नाही. तिथे मशीन साडेतीन मिनिटं बंद होतं. आणि पहिला नंबर "भिंतीपलीकडचा भाडेकरू", याबद्दल तिच्या मनात काडीची शंका नव्हती. एक बाई एका माणसाच्या शेजारी सात वर्षं राहते आणि तो कोण हे तिला कळतं ते त्याच्या चालण्यावरून. दादाने यापेक्षा चांगलं कधी लिहिलं नाही आणि पुढेही लिहिणार नाही, असं तिने वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पहिल्या खेपेला ती सगळं पाहत होती ते प्रसंगांसाठी. मागच्या दाराकडे पाहत नव्हती. हे लक्षात ठेवा.

यादी झाल्यावर सहज म्हणून तिने मशीनचा आवाज असलेल्या भागांवर फुली मारली. तिसांतल्या बारा भागांवर फुली आली. ते तिचेच बारा होते. उरलेल्या अठरांत कुठेही काही नव्हतं.

आता माणसाची अक्कल म्हणेल, अगं, आवाज ऐकून तुझा पाय थांबत असेल, म्हणून हेच बारा निवडले गेले. धाकटीलाही तसंच वाटलं. म्हणून तिने टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि चार भाग मुक्यानेच पाहिले. मशीन त्याच त्याच जागी थांबलं.

५

तिने दादाला फोन केला. भीतीबिती काही बोलली नाही. नुसतं म्हणाली, दादा, मला सांगायचंस तरी, माझं मशीन तू भागांत घातलंस ते.

दादा म्हणाला, कुठलं मशीन?

तिने सांगितलं. दादा हसला. मग त्याने समजावून सांगितलं ते असं. आतल्या खोलीतून काही आवाज येतो असं त्याने जन्मात लिहिलं नाही, कारण आतली खोली असं काही नव्हतंच. दोन्ही मालिकांना मिळून एकच दार होतं. दार कसलं, दाराच्या आकाराची रंगवलेली फळी. फौजदाराच्या मालिकेत हिरवी, हेरांच्या मालिकेत तपकिरी. स्टुडिओच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली. मागे सरळ भिंत, आणि भिंतीमागे रस्ता.

"कुणीतरी शिंपी रस्त्यावर बसत असेल," दादा म्हणाला. "आवाजवाले तसेच बेफिकीर. तू यादी कधी देतेस ते सांग. मॅडम रोज विचारतायत." मग हळू आवाजात म्हणाला, "धाकटे, चार वर्षांनी कुणीतरी रोज विचारतंय गं."

धाकटी म्हणाली, एकदा तपासते आणि देते.

६

शिवलेला कपडा देण्याआधी उलटा करून शिवण तपासतात, तशी तिला सवय होती. म्हणून शुक्रवारी सकाळी तिने ते बारा भाग लोक पाहतील त्याच क्रमाने पाहायला घेतले. बाराव्यापासून पहिल्याकडे. या खेपेला नजर दारावर ठेवून.

बाराव्यात आवाज लांब होता, भिंतीत मुंगी चालावी तसा. अकराव्यात जवळ आला. दहाव्यात, मुक्याची बायको जेवायला वाढत असताना, धाकटीचं मशीन थांबलं आणि दाराआडचंही थांबलं. तिने पाय हलवला, तेही सुरू झालं. योगायोग असेल म्हणून तिने उगाच मधेच पाय थांबवला. तेही थांबलं.

चौदा वर्षांपूर्वी चित्रित झालेल्या भागात.

नवव्यात रीळ खाली पडल्याचा आवाज आला, आणि ते घरंगळत दारापर्यंत आलं. आठव्यात स्टूल सरकलं. सातव्यात, "कोरं पाकीट"मध्ये, मशीन चालूच होतं, पण ते कुणी चालवत नव्हतं. हे सांगणं कठीण आहे. ज्याने मशीन चालवलंय त्याला कळतं, पाय काढल्यावर चाक आपल्या वेगाने चार फेरे घेतं आणि मंदावतं. तसे ते मंदावणारे फेरे ऐकू आले. खट. मग खट. मग बऱ्याच वेळाने, खट.

म्हणजे उठलं होतं कुणीतरी.

धाकटीने एक मात्र करून पाहिलं. तिने भाग उलटसुलट लावले. तिसरा लावला, मग अकरावा, मग सातवा. तसं लावलं की नुसता लांबून मशीनचा आवाज येई, बाकी काही नाही. बारा, अकरा, दहा असं ओळीने लावलं की मगच पुढचं पाऊल पडत होतं. तिच्याच क्रमाने. दुसऱ्या कुठल्याच नाही.

तिला कापरं भरलं हे खरं. पण खोटं कशाला बोला, त्या कापऱ्याच्या तळाशी एक ताठ मानही होती. म्हणजे क्रम इतका बरोबर होता.

आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की गोटी टीव्हीकडे पाहत नाही. मूल आवाजाकडे तोंड करतं. गोटी पाठ फिरवून बसली होती. ती घरातल्या आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत होती, जिथे एक पलंग आणि एक कपाट, याखेरीज काहीच नव्हतं.

७

शनिवारभर तिने टीव्हीला हात लावला नाही. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला दे सोडून, पाठव यादी आणि झोप काढ, तुझे डोळे बघ कसे झालेत. त्याने आतली खोली उघडून पाहिली, पलंगाखाली बॅटरी मारली, कपाट उघडलं. कपाटात कपडे, आणि वरच्या फळीवर पिवळं कापड. गोटीच्या झग्यासाठी त्यानेच आणलेलं. अजून घडीसुद्धा मोडली नव्हती.

सोमवारी तो कामावर गेल्यावर तिने आतल्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि सगळं बाराव्यापासून ओळीने लावलं. का लावलं? लोक विचारतात ते. दोन कारणं. एक, दादाला शब्द दिला होता. दुसरं, जे आपल्या दाराशी आलंय ते कुठवर आलंय हे आईला माहीत असावं लागतं.

सहावा, पाचवा, चौथा. पावलं. अनवाणी, सावकाश, घरातल्या घरात चालावं तशी. सेट बदलत होते, दार हिरव्याचं तपकिरी होत होतं, पण पावलं जिथे थांबत तिथूनच पुढच्या भागात सुरू होत.

तिसऱ्यात, हेर आईसमोर गप्प बसलेला असताना, त्या रंगवलेल्या फळीच्या कडेला एक काळी रेघ दिसली. दार किलकिलं झालं होतं.

दुसऱ्यात फट चार बोटं झाली. आत उजेड होता, सकाळचा, साधा. मशीनचा कोपरा दिसत होता. मशीनवर पिवळं कापड होतं, बेतून कापलेलं. आणि बाजूला उभ्या बाईचा खांदा दिसत होता. गळ्यात मापाची टेप. धाकटीचा हात आपोआप आपल्या गळ्याकडे गेला. टेप तिथेच होती.

तिने कपाटातून पिवळं कापड आणून पाहिलं. घडी तशीच होती. त्या कापडाला कुणी कात्री लावलेली नव्हती. ते परत ठेवून ती बाहेर आली. आता इथे एक चूक झाली, आणि ती तिने कधी लपवली नाही. हातात मापाची टेप, डोळे टीव्हीकडे, जीव टांगणीला. आतल्या खोलीची कडी घालायची राहिली.

८

"भिंतीपलीकडचा भाडेकरू" सुरू झाला. गोटी सतरंजीवर, रीळ तोंडात. धाकटीने मशीन चालू ठेवलं. ठरवलंच होतं, काही झालं तरी पाय थांबवायचे नाहीत. पाय थांबले नाहीत तर तीही दाराबाहेर येणार नाही, अशी तिची समजूत.

एकतिसाव्या मिनिटाला ती बाई भिंतीला कान लावते आणि शेजाऱ्याचं चालणं मोजते. एक शब्द नाही. दादाने लिहिलेला सगळ्यात चांगला प्रसंग. धाकटीने तो शंभरदा मनात आठवला होता, तो कुठे संपतो तिला पाठ होतं. तिने दात आवळले, पाय रेटले.

पाय थांबले.

मागचं दार सताड उघडं होतं. दारात कुणीतरी उभं होतं. चेहऱ्यावर चौकटीची सावली होती, तो काही दिसला नाही, आणि धाकटीने नीट पाहिलंही नाही. तिने पाहिलं ते कडेवरचं मूल. पिवळा झगा. समोर बटणांची ओळ, निळी, निळी, मधलं एक पांढरं, निळी, निळी. मूल हसत होतं. टीव्हीतून थेट बाहेर, सतरंजीकडे पाहून हसत होतं.

धाकटीने सतरंजीकडे पाहिलं. सतरंजी रिकामी होती. ओलं रीळ तेवढं पडलं होतं.

गोटी आतल्या खोलीच्या दारात होती. दार वीतभर उघडं होतं. एक गुडघा उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. ती रडत नव्हती, घाबरली नव्हती. तिने मान वर केली होती आणि दोन्ही हात वर केले होते, कडेवर घे म्हणून. घरात ती एकाच माणसाकडे पाहून असे हात करायची, आणि तो माणूस तिच्या पाठीमागे, मशीनवर बसलेला होता.

धाकटी कशी उठली, कसं तिला ओढलं, टीव्हीची पिन कधी उपसली, काही आठवत नाही. एवढं आठवतं की गोटीला उचलताना ती हलकी लागली नाही. जड लागली. दुसऱ्या कुणीतरी आधीच काखेत धरलेलं मूल घ्यावं तशी. मग ते सुटलं. आणि गोटी रडली, आईकडे बघून, परक्या बाईकडे पाहून रडावं तशी.

संध्याकाळपर्यंत ती काकूंच्या दारात बसून होती. नवरा आल्यावर वर गेली. आधी बटणांचा डबा जमिनीवर ओतला. निळी बटणं चारच होती, पाचवं पांढरंच लावावं लागलं असतं.

९

यादी द्यायलाच हवी होती. नाही दिली तर दादाचे बारा रविवार जातात. खरी दिली तर बारा रविवार घराघरांत तोच क्रम लागतो, आणि रांगतं मूल काही एकट्या धाकटीच्या घरात नसतं.

तिने आयुष्यात पहिल्यांदा खोटी यादी लिहिली. "भाडेकरू" काढूनच टाकला. "दोन चाव्या" बाराव्यावर नेला. पुलावरची उडी पहिली. हात असा जड झाला होता, जसं काही आईच्या मशीनवर कुणाचा तरी चांगला कपडा मुद्दाम बिघडवत होती.

दादाने यादी वाचली आणि फोन केला.

"ही तुझी यादी नाही," तो म्हणाला.

"माझीच आहे."

"भाडेकरूला मशीन थांबलं नाही?"

धाकटी काही बोलली नाही. दादाने ते नाही असंच समजून घेतलं. मशीनने आपल्याला कधी फसवलं नाही, असेल माझीच समजूत चुकीची, असं तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला होता. त्याने यादी तशीच पाठवून दिली. धाकटी त्या दिवशी जेवली नाही.

पण मॅडमना ती यादी पसंत पडली नाही. पहिल्या नंबरावर पुलावरची उडी, यात नवं काय, म्हणाल्या. त्यांनी लोकांनाच विचारायचं ठरवलं. जाहिरात दिली, तीस भागांची नावं दिली, प्रत्येकाने आपले बारा निवडून क्रम लावून पाठवायचा. लाखभर याद्या आल्या. त्यांची बेरीज करून क्रम निघाला, आणि दादाने तो फोनवर मोठ्याने वाचून दाखवला.

बारावा, पुलावरची उडी. दहावा, "मुक्याचा फोन". सातवा, "कोरं पाकीट". धाकटीने वही उघडून बोट ठेवत नेलं. एकही भाग इकडचा तिकडे नव्हता. बाराच्या बारा, ओळीने, तिच्याच वहीतल्यासारखे. दोन रेघा ओढलेल्या पहिल्या नंबरासकट.

"मला ठाऊक होतं," दादा म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि तो ते हसण्यात घालत होता. "खरी यादी हीच होती ना तुझी? धाकटे, अख्ख्या जगाचा पाय तू थांबतेस तिथेच थांबतो. सातवी पास म्हणे."

काय करावं तिने? छाती भरून आली. आली, खोटं कशाला बोला. अठरा वर्षं एका माणसाने तिच्या पायांवर विश्वास टाकला होता आणि लाख माणसांनी तो खरा ठरवला. तिने दादाला सगळं सांगितलं, अगदी गोटीच्या वर केलेल्या हातांपर्यंत. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, अगं, जागरणं झालीत तुझी, आणि याहून मोठी शाबासकी मला आजवर कुणी दिली नाही.

पिवळ्या कापडाची तिने पुसणी केली, लहान लहान तुकडे करून, की त्यातून मुठीएवढा झगाही बेतता येऊ नये. पांढरी बटणं गटारात टाकली. गोटी आता चालते, आणि आतल्या खोलीत एकटी जात नाही, कारण आतल्या खोलीचं दार नवऱ्याने काढूनच टाकलं. आपल्या घरापुरतं जे करता येईल ते धाकटीने केलं. दुसऱ्यांच्या घरांचं तिच्या हातात नाही, म्हणून हे लिहिलंय.

येत्या रविवारी दुपारी चारला पहिला भाग लागेल, म्हणजे बारावा. बघा, जरूर बघा, असं लिखाण पुन्हा होणार नाही. बूट जोडीने ठेवतो तिकडे लक्ष द्या. पण सातव्या नंबरापासून मूल मांडीवर घेऊन बसा, आणि मूल पाठ फिरवून बसलं तर टीव्ही बंद करा. मधले एकदोन भाग मुद्दाम चुकवा, म्हणजे ओळ तुटते. शेवटच्या रविवारी मात्र लावूच नका. ज्यांच्या घरी रांगतं मूल आहे, नात्यातलं, शेजारचं, कुणाचंही, त्यांना हे आजच सांगा, आणि त्यांनाही पुढे सांगायला सांगा. कुणी म्हणालं की छे, हा क्रमच कुणीतरी चुकीचा लावलाय, तर त्यांना एवढं सांगा, क्रम बरोबर आहे.